काळ्या टेपवरची फेरी

डाव्या खांद्यावर फूटपट्टी लागली. म्हणजे डावीकडे वळायचं. मी वळले.

डोळ्यांवर माझाच पदर बांधलेला होता. पायाखाली शाळेच्या हॉलची फरशी होती. ही फरशी मी वर्षानुवर्षं पुसत आले. तरी त्या वेळी ती ओळखीची वाटेना. पुढचं पाऊल टाकलं की खड्डा लागेल असं वाटत होतं. मी पाय उचलत नव्हते, घासत होते. पोरं हसत होती. त्यांच्या आया हसत होत्या. बाप मोबाईल धरून उभे असतील, मला दिसत नव्हतं.

उजव्या खांद्यावर सटकन बसली. मी उजवीकडे वळले. परत उजवीकडे बसली. परत. उजवीकडचा पोरगा मुद्दाम मारतो आहे हे मला कळत होतं. पण रोबोट विचारत नाही, रोबोट वळतो, असं सरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून वळत गेले. कंबर टेबलावर आदळली. तोल गेला. आधाराला हात टाकला तर तळहात कशावर तरी पडला आणि चरचरला.

"क्रैश हो गया," सर म्हणाले. सगळा हॉल हसला.

मी पदर खाली ओढला. हाताखाली तारा चिकटवायची सळई होती, सरांनी आधीच तापत ठेवलेली. तळहातावर पांढरा वळ उठला होता. आणि माझ्या डाव्या बाजूला, हातात फूटपट्टी घेऊन, माझी नात उभी होती. रुची. सहावीत शिकते. ती माझ्याकडे पाहत नव्हती. डाव्या खांद्यावर लागत होती ती फूटपट्टी तिची होती.

त्या हॉलमध्ये कोणालाच माहीत नव्हतं की मी तिची आजी आहे. कारण मीच तिला बजावलं होतं की शाळेत मला आजी म्हणायचं नाही.

आता पहिल्यापासून सांगते.

माझा बाप अमरावतीकडचा. जबलपूरला कारखान्यात लागला. पुढे राज्यांची वाटणी झाली, आमचं गाव तिकडे गेलं, बापाची नोकरी इकडे राहिली. आम्ही पण इकडेच राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आमची जात महार. बापानं ती सोडली होती. लोकांनी सोडली नव्हती.

मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले. मास्तर माझी पाटी हातात घेत नसे. मी पाटी जमिनीवर ठेवायची, मागे सरकायचं, मग तो उभ्यानं छडीच्या टोकानं चुकीच्या अक्षरावर टकटक करायचा. मी ते पुसून परत लिहायचं. अक्षर बरोबर आलं तरी टकटक करायचा, म्हणजे उचल. छडी कधी पाटीवर, कधी बोटांवर. मला त्या छडीची इतकी भीती बसली की चौथीनंतर बाप म्हणाला पुढे जा, तर मी चुलीमागे जाऊन बसले. शाळा कोणी सोडवली नाही. मीच पळाले.

पळायची ती सवय लागली. नवऱ्यापुढे गप्प, सासूपुढे गप्प, ठेकेदाराच्या सुपरवायझरपुढे तर हात जोडूनच उभी. नवरा गेल्यावर या मोठ्या इंग्रजी शाळेत साफसफाईचं काम धरलं. रुचीला तिथेच फुकटच्या जागेवर प्रवेश मिळाला. सरकारचा नियम आहे, गरिबाच्या पोरांना इतक्या जागा द्यायच्या. तिचा नंबर लागला त्या दिवशी माझा मुलगा नाचला. मी घाबरले. बाकीच्या पोरांना कळलं की झाडूवालीची नात आहे, तर ते तिला जगू देणार नाहीत. मी तिला म्हटलं, "शाळेत मी तुले ओळखत नाही, तू मले ओळखत नाही. समजलं?" पोरगी तेव्हा लहान होती. मान हलवली. मग वर्षं गेली आणि ती माझ्या समोरून जाताना खरंच ओळख दाखवेनाशी झाली. मला वाटायचं, चांगलं झालं, शिकली.

शाळेत त्या शनिवार-रविवारी रोबोटचे वर्ग ठेवले होते. ज्यांनी आयुष्यात कधी काही बनवलं नाही अशा पोरांसाठी. बाहेरून एक तरुण सर आले होते. पोरांनी लहान गाडी बनवायची. ती गाडी जमिनीवर चिकटवलेल्या काळ्या टेपवरून आपली आपण चालते, कोणी ढकलावं लागत नाही. शेवटी ज्यांच्या गाड्या चांगल्या चालतील त्यांची शाळेची टीम करणार, आणि ती टीम बाहेरगावी स्पर्धेला जाणार. रुची महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती. जेवताना ताटात बोटानं रेघ काढायची आणि भाकरीचा तुकडा त्यावरून सरकवायची.

नियम असा होता की प्रत्येक पोरासोबत घरचं एक मोठं माणूस बसलं पाहिजे. गाडीच्या तारा गरम सळईनं चिकटवाव्या लागतात, त्याला सोल्डरिंग म्हणतात. पोरांचे हात भाजू नयेत म्हणून मोठं माणूस. ज्याच्यासोबत कोणी नाही त्याला सळई मिळणार नाही. माझा मुलगा लोडिंग ऑटो चालवतो, पहाटेच पनागरहून भाजी आणायला निघतो. सून माहेरी मझौलीला गेली होती, तिची आई आजारी होती. उरले मी. मी तर त्याच हॉलमध्ये होते. झाडू घेऊन.

"मी एकटीच बसते," रुची म्हणाली. मी हो म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी गेल्यावर सरांनी हॉलच्या फरशीवर टेप चिकटवली. मला कोणी सांगितलं नाही. शनिवारी सकाळी दार उघडलं तर हॉलभर काळी वाकडीतिकडी टेप. मला वाटलं कोणत्या तरी कार्यक्रमाची घाण राहिली. त्या फरशीवर डाग दिसला की सुपरवायझर माझ्या सात पिढ्या काढतो. मी ब्लेड घेतलं, रॉकेल घेतलं, आणि खरवडायला बसले. टेप काढली, खालचा गोंद काढला, मग फिनाईलनं पुसलं. गुडघे सुजले. फरशी आरशासारखी झाली. मी दारात उभी राहून एकदा पाहिलं आणि मला बरं वाटलं.

मग सर आले. पोरं आली, आई-बाप आले. सर फरशीकडे पाहत राहिले.

"ट्रैक कहाँ गया?"

सुपरवायझरनं माझ्याकडे बोट केलं.

मी हात जोडले. "माफ कीजिए सर. मैंने समझा कचरा है."

आधी एक बाप हसला, मग सगळे. सर चिडले असं खोटं मी सांगणार नाही. त्यांनाही हसू आलं. त्यांनी पिशवीतून टेपचं नवीन भेंडोळं काढलं आणि परत चिकटवायला लागले. चिकटवता चिकटवता म्हणाले, "चलो, अम्मा को भी समझाते हैं लाइन किस लिए होती है, और तुम लोगों को भी. आज का पहला रोबोट अम्मा."

मला वाटलं गंमत करताहेत. मी बादली उचलली. सुपरवायझर म्हणाला, "बाल्टी रख दो. सर बोल रहे हैं न."

सरांनी पोरांना समजावलं. रोबोटला डोकं नसतं. त्याच्या पोटाखाली दोन डोळे असतात, एक टेपच्या डाव्या बाजूला, एक उजव्या. पांढऱ्या फरशीवरून उजेड परत येतो. काळी टेप उजेड गिळते. डाव्या डोळ्याखाली काळं आलं म्हणजे गाडी भटकली, मग डावं चाक थांबतं आणि गाडी डावीकडे वळते. उजव्याचं तसंच. "रोबोट सोचता नहीं है. सवाल नहीं पूछता. जो सिग्नल मिला, वो करता है. अम्मा की तरह." पोरं हसली. सर मला म्हणाले, "अम्मा, पल्लू से आँख बाँध लो. आँख ये बच्चे बनेंगे."

दोन पोरं पाहिजे होती. उजवीकडे एक पोरगा हात वर करून आला. डावीकडे कोण, म्हणून सरांनी पाहिलं. सगळी पोरं आई-बापाजवळ बसलेली. एक टेबल रिकामं, त्याच्याशी एकटी रुची.

"तुम अकेली हो न? तुम आ जाओ."

रुची आली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी डोळ्यांनी सांगितलं, बोलू नको. 

पोरं खांद्याला हात लावणार तेवढ्यात पुढच्या टेबलावरच्या एका बाई बोलल्या. "भैया, छूने मत दीजिए बच्चों को. अभी बाथरूम साफ करके आई होगी."

मी बाथरूम धुतलं नव्हतं. मी टेप खरवडत होते. पण हे कोण कोणाला सांगणार.

"अच्छा, तो स्केल से," सर म्हणाले. आणि दोघांच्या हातात एकेक फूटपट्टी दिली.

त्यानंतर काय झालं ते वर लिहिलं आहे.

हात नळाखाली धरला. सर लांबून म्हणाले, "अम्मा, पानी डालती रहो, ठीक हो जाएगा." मग मी पोछा घेतला आणि व्हरांडा पुसायला गेले. दारातून हॉल दिसत होता. सगळ्या टेबलांवरून सळईचा धूर निघत होता, राळेचा वास येत होता. आई-बाप तारा धरून बसले होते आणि पोरं चिकटवत होती. रुचीच्या टेबलावरून धूर निघत नव्हता. ती स्क्रू पिळत होती. पिळून झाले की उघडत होती, आणि परत पिळत होती.

संध्याकाळी ती माझ्या आधी घरी पोचली होती. दप्तर दारात पडलेलं. मी चप्पल काढत होते तोच म्हणाली, "तू थांबली काहून नाही?"

"सर म्हणाले चाल, म्हणून चालली."

"तो उजवीकडे मारून राहिला होता अन् टेप डावीकडे होती. तुले समजत नव्हतं?"

"समजत होतं."

"मंग?"

 मी उलटी तिच्यावर गेले. "तू बोलली काहून नाही मंग, का ही माझी आजी आहे म्हणून?"

"तूच म्हणली होती ओळख दाखवू नको."

 मग ती म्हणाली, "मी हळू मारली."

"हो. मले समजलं."

"मारली न पण."

तिनं माझा हात ओढून तळवा पाहिला. फोड आला होता. तिनं खोबरेल तेल लावलं. लावताना म्हणाली, "उद्या मी जात नाही. गाडी जोडल्या जात नाही माझी. मोठं माणूस पाहिजे. सगळ्यांजवळ हाये."

मी स्वयंपाक केला. पीठ मळताना फोड फुटला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मास्तरची छडी माझ्या बोटांवर बसायची तेव्हा ती निदान मास्तरच्या हातात होती. या वेळी लाकूड माझ्याच नातीच्या हातात दिलं गेलं, आणि तिनं ते घेतलं, कारण मी तिला शिकवलं होतं की आपण एकमेकींचे कोणी नाही. मी तिला लोकांपासून लपवत नव्हते. मी तिला माझ्यासारखी करत होते. सांगितलं तिकडे वळणारी.

हे कळलं म्हणून माझी भीती गेली असं कोणी समजू नका. उलट वाढली. आता काय करायचं ते मला दिसत होतं.

रविवारी मी शाळेची निळी साडी नेसले नाही. घरची नेसले. रुचीला म्हटलं, "चाल. मोठं माणूस मी आहे." तिनं विश्वास ठेवला नाही, पण आली. शाळेला दोन दारं आहेत, मागचं आमच्यासाठी, पुढचं बाकीच्यांसाठी. मी पुढच्या दाराकडे गेले. चौकीदार म्हणाला, "अम्मा, पीछे से."

"आज पोती के साथ आई हूँ."

"किसके साथ?"

मी रुचीचा हात वर करून दाखवला. तो बघत राहिला, आणि मी आत गेले. कानात शिट्टी वाजत होती. लघवीला लागली होती. हॉलच्या दारात पोचेपर्यंत तीनदा वाटलं परत फिरावं, पोरीला सांगावं की पोटात दुखतं. खुर्ची ओढली तेव्हा तिचा आवाज एवढा मोठा झाला की सगळ्यांनी वळून पाहिलं असं मला वाटलं. कदाचित कोणी पाहिलंही नसेल. मी त्या हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या पुसल्या आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा बसले. पूर्ण नाही बसले. टोकावर.

सर आले. मला पाहून खूश झाले. "अरे, अम्मा आ गईं. चलो, जो कल नहीं आए थे उनके लिए एक राउंड और."

दोन-चार पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका पोरानं फूटपट्टी शोधायला सुरुवात पण केली.

 टेबलाखाली रुचीनं माझा हात धरला, भाजलेलाच. मला दुखलं. त्या दुखण्यावर आवाज निघाला.

"मैं नहीं चलूँगी."

सरांना नीट ऐकू आलं नसावं. "हाँ अम्मा?"

"नहीं चलूँगी. मैं रुची की दादी हूँ. इसके साथ बैठी हूँ. इसकी गाड़ी बनानी है."

आवाज शेळीसारखा कापत होता.  कालच्या त्या बाईंनी त्यांची खुर्ची पलीकडे ओढली. सरांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो. ओशाळला. म्हणाला, "अरे अम्मा, तो पहले बताना था न."

मी त्या वाक्यावर पुढे फार विचार केला. पहले बताना था. म्हणजे मी तिथल्या कोणाची आजी नसते तर चाललं असतं. तेव्हा मला हे बोलता आलं नाही. आज लिहिते आहे.

सरांनी आमच्या टेबलावर सळई आणून ठेवली. मग आम्ही दोघी कामाला लागलो. मला काही येत नव्हतं. रुची सांगायची तसं मी धरायची. लाल तार इकडे, काळी तिकडे. पिवळ्या डब्यासारख्या दोन मोटारी, त्यांना चाकं, पुढे एक मोकळं फिरणारं गोल चाक, वर बॅटरी. सळई तारेला टेकवली की चांदीसारखं पाणी पसरायचं आणि लगेच थिजायचं. पहिल्यांदा सळई जवळ आली तेव्हा मी तार सोडून दिली. "आजी, पकड न नीट," रुची ओरडली. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. मी पकडली.

गाडीच्या पोटाखालचे दोन डोळे कसे लावायचे ते सरांनी येऊन दाखवलं. डोळ्याजवळ बारीक स्क्रू असतो. तो इतका पिळायचा की पांढऱ्यावर दिवा पेटला पाहिजे आणि काळ्यावर विझला पाहिजे. सर आता माझ्याशी बोलताना "आप" म्हणत होते आणि माझ्याकडे पाहत नव्हते.

दुपारी गाड्या सोडल्या. आमची पहिल्या वळणावर नीट गेली. पण खिडकीतून ऊन पडलं होतं तिथे पोचली आणि वेड्यासारखी गोल गोल फिरायला लागली. रुचीनं उचलली, पोटाला पुठ्ठ्याची कड चिकटवली की आडून ऊन शिरू नये, स्क्रू पिळला, परत सोडली. हळू गेली, पण पूर्ण फेरी करून आली. काहींच्या गाड्या टेप सोडून भिंतीला जाऊन धडकल्या होत्या. सर म्हणाले, "बढ़िया." रुचीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मला इतकं चांगलं वाटून घ्यायची भीती वाटत होती.

आणि बरोबरच होतं. चहाच्या वेळी मोठ्या मॅडमचा निरोप आला.

मोठ्या मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका. त्या मराठी आहेत, दीक्षितपुऱ्यातलं जुनं घर. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे आले असं त्या भाषणात सांगतात. शाळेत सगळ्यांशी हिंदी, इंग्रजी बोलतात. माझ्याशी मराठी. ते पण रागवायचं असलं की. बाहेर बसलेल्याला कळू नये म्हणून.

खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही. रुची दाराशी उभी राहिली.

"मावशी, काय हे? आज तुमची ड्यूटी होती ना?"

"हो मॅडम."

"मग न सांगता साडी बदलून खुर्चीवर जाऊन बसलात. पाहुण्यांना उलट बोललात. पालक मला येऊन सांगून गेले. मला किती लाज वाटली असेल?"

मग त्यांचा आवाज मऊ झाला.

"हे बघा, आपण मराठी माणसं. या गावात आपण नाव राखून राहिलो. आपल्यातल्याच कोणी असं केलं की बाकीचे हसतात. रुची तुमची नात आहे हे मला माहीतच नव्हतं. हुशार आहे. सरांनी तिचं नाव टीमसाठी दिलंय. माझी काही हरकत नाही. फक्त हॉलमध्ये चला, सरांना आणि पालकांना दोन शब्द बोला. चूक झाली म्हणा. विषय संपला."

"आणि नाही म्हटलं तर?"

हे मीच विचारलं. मला अजून खरं वाटत नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "टीम बाहेरगावी जाते. मुलांचं घरचं वळण बघावं लागतं मला."

 दोन शब्द. मी जन्मभर तेच दोन शब्द बोलत आले. कालही टेपसाठी हात जोडून बोलले होते. त्यांना काही लागत नाही, तोंडात तयारच असतात. मागे रुची उभी होती. तिचं नाव त्या टीममध्ये यावं यापेक्षा मला जगात दुसरं काही नको होतं. तोंड उघडलं तेव्हा काय निघणार हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

"मॅडम, टेप काढली त्याची माफी मी काल मागितली. ती माझी चूक होती. आज ड्यूटी सोडली, त्याचा पगार कापा. पण नातीजवळ बसले यात माझी चूक काय झाली?"

"मावशी, वाद नको."

"मग मी मागणार नाही. पोरीची गाडी सगळ्यांसमोर चालली. तरी नाव द्यायचं नसेल तर नका देऊ. ते तुमच्या हातात आहे. पण ते तुम्ही करा. माझ्या तोंडून करवून घेऊ नका."

मॅडमनी चष्मा परत लावला. मग हिंदीत म्हणाल्या, "ठीक है. जाइए."

हॉलमध्ये नावं वाचली. रुचीचं नव्हतं. खुर्ची पलीकडे ओढणाऱ्या त्या बाईंच्या मुलीचं होतं, आणि तिची गाडी भिंतीला धडकली होती. सर खाली बघत टेप गुंडाळत होते.

रस्त्यात रुची पुढे पुढे चालली. मी हाक मारली तर वळली आणि म्हणाली, "दोन शब्द बोलली असती तर काय झालं असतं तुले?"

काल तीच विचारत होती की थांबली काहून नाही. मी तिला समजावलं नाही. अकरा-बारा वर्षांच्या पोरीचं जे गेलं ते खरंच गेलं. ते माझ्यामुळे गेलं असं तिला वाटतं, आणि ते पूर्ण खोटं नाही. ती कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलगाही म्हणाला, "आई, तुले काय गरज होती?" रविवारी संध्याकाळीच सुपरवायझरचा फोन आला होता. उद्यापासून येऊ नका.

सोमवारी सकाळी मी परत घरची साडी नेसले आणि रुचीला सोडायला गेले. ती दहा पावलं पुढे, मी मागे. पुढच्या दारापर्यंत. चौकीदारानं पाहिलं, मागचं दार दाखवलं नाही. मी ती आत जाईपर्यंत उभी राहिले. तेव्हापासून रोज जाते. दार जवळ आलं की मागच्या दाराकडे वळावंसं वाटतं. रोज वाटतं. वय झालं म्हणून भीती जात नाही हे मला कळून चुकलं आहे.

पण मी काही गोष्टी ठरवल्या आहेत. रुचीची शाळेतली जागा कोणाची मेहेरबानी नाही, ती मी सोडू देणार नाही. मोठ्या मॅडमनी परत बोलावलं तर जाईन, पण बसायला सांगितल्याशिवाय उत्तर देणार नाही. पुढच्या वर्षी ते वर्ग परत होतील आणि प्रत्येक पोरासोबत मोठं माणूस लागेल. मी जाऊन बसणार. रुची नको म्हणाली तरी बसणार. टोकावर नाही. कोणी ऊठ म्हटलं तर विचारणार, कशासाठी. उत्तर बरोबर नसेल तर उठणार नाही. आणि माझ्या घरातलं कोणीही, माझ्यासाठी नाही, रुचीसाठी नाही, कोणासाठीही, न केलेल्या चुकीची माफी मागणार नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही.

मी इथे माझं नाव लिहीत नाही, कारण रुची अजून त्याच शाळेत आहे. चौथी शिकलेली म्हातारी आहे मी, जबलपूरची. हे सगळं माझ्यासोबत झालं.